अर्धी नळी

यंत्र शून्यावर येत नाही. गेले चार महिने येत नाही, आणि मी रोज दुपारी जेवण उरकलं की ते चालू करून त्याच्यासमोर बसतो. दुसरं काम काय आहे मला. नळी खिडकीबाहेरच्या हवेत धरायची, बटण दाबायचं, मिनिटभर थांबायचं, की काचेवर शून्य उमटलं पाहिजे. उमटतं पॉइंट तीन. खिडकी सताड उघडी असते, रस्त्यावर गाडी नसते, शेगडी बंद असते. तरी पॉइंट तीन.

कारण मला ठाऊक आहे, मी काही भुताखेतांच्या गोष्टी सांगत फिरणारा माणूस नाही. नळी रबराची असते आणि रबरात धूर मुरतो. तीस वर्षं गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये घातलेली नळी, ती काय एका दिवसात स्वच्छ होणार? थोडा थोडा धूर सुटत राहतो आणि यंत्र तो मोजतं. झालं. पण हीच नळी आमच्या तपासणी केंद्रात होती तोवर मुकाट शून्यावर यायची. केंद्र बंद केलं, यंत्र घरी आणलं, बाकी कुठे जागा नाही म्हणून मागच्या खोलीत ठेवलं, आणि ते अडून बसलं. मागची खोली माझ्या बायकोची. शेवटची दोन वर्षं टपरीवरून आली की ती तिथेच पडून असायची. पलंग अजून आहे, उशीखाली ठेवायची ती बामची डबीसुद्धा आहे. सहा वर्षं झाली, कुणी उचलली नाही.

शून्याची वाट बघत बसलं की मला तिचा आवाज येतो. फार नाही, दोनच शब्द. 'लिहू ना?'

धूर तपासणारा, हीच माझी ओळख. चौकातून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला पत्र्याची टपरी होती, ती माझी. गाडी टपरीला पाठ लावून उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, मी नळी सायलेन्सरमध्ये घालणार, अर्धं मिनिट थांबणार, काचेवरचा आकडा मोठ्याने सांगणार. विषारी वायू साडेतीन टक्क्यांच्या आत असला की गाडी पास. आत टेबलाशी बायको बसायची. मी आकडा पुकारला की ती रजिस्टरात लिहायची. तिचं अक्षर असं, की इन्स्पेक्टर तपासायला आला तर आकडे बघायच्या आधी अक्षर बघत बसायचा. आणि प्रत्येक आकड्याला, लिहायच्या आधी, पेन कागदावर टेकवून ती विचारायची, 'लिहू ना?' मी म्हणायचो, 'लिही गं, विचारतेस काय दर वेळी.' मागे गाड्या खोळंबलेल्या, आणि हिचं आपलं चाललेलंच. मला वाटायचं सवय आहे. कुणी बोलताना मान हलवतं, कुणी 'काय समजलात' म्हणतं, तशी.

आता नळीचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. नळी सायलेन्सरमध्ये दीड वीत आत गेली पाहिजे. असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. ती अर्धीच घातली तर बाहेरची हवा मिसळते, धूर पातळ होतो आणि आकडा खाली येतो. सहाचा तीन होतो. बघणाऱ्याला काही कळत नाही, नळी तर आत दिसते. हे मी पहिल्यांदा केलं ते मिशीच्या टॅक्सीला. मिशी म्हणजे माझा दोस्त, त्याच्या मिशा त्याच्या आधी चौकात पोचतात म्हणून मिशी. त्याच्या गाडीचा आकडा आला सहा पॉइंट आठ. नापास केली असती तर इंजिन उघडावं लागलं असतं, महिनाभर गाडी बंद, आणि त्याची बायको तेव्हा बाळंतीण. तो गाडीतून उतरला. नुसता उभा राहिला, टोपी हातात धरून. मी नळी वीतभर मागे ओढली. दोन पॉइंट नऊ. मोठ्याने पुकारलं.

मी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, हे लिहून ठेवा. लाचखाऊ असतो तर बरं झालं असतं, निदान कधीतरी पकडला गेलो असतो. माझ्यात होती ती भीड. समोर माणूस उभा असला, त्याचं तोंड एवढंसं झालेलं असलं, की माझा हात आपोआप मागे यायचा. मिशीचं केलं मग त्याच्या मेव्हण्याचं कसं नाही करणार. शाळेच्या मुलांची गाडी नापास केली तर मुलं शाळेत कशी जाणार. असं करत करत सगळं गाव माझ्याकडे यायला लागलं. मला वाटायचं, माझं काम चोख आहे म्हणून येतात.

बायकोला खोकला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, 'घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का?' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, आमच्या सात पिढ्यांत कुणी ओढली नाही. बायको माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांची गाडी त्याच आठवड्यात माझ्याकडे पास झाली होती.

तर गेल्या महिन्यात लेक आली. आठ दिवसांसाठी, कामानिमित्त. आली ती विजेच्या गाडीतून. मी खिडकीशीच बसलो होतो, तरी मला कळलंच नाही. मान वर केली तर दारात गाडी. ना घरघर, ना धूर. माझ्या जन्माचा धंदा दारात येऊन मेला होता आणि त्याचा आवाजही झाला नाही. ती उतरली, मी गाडीभोवती फेरी मारली, सवयीने मागे वाकलो.

"काय शोधताय बाबा?"

"सायलेन्सर."

ती हसली. आईसारखीच हसते, तोंडावर हात ठेवून.

ती ज्या संस्थेत आहे तिथे हेच काम चालतं, विजेची गाडी आणि पेट्रोलची गाडी तोलायची. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने मला समजावलं, आणि खरं सांगतो, मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरंच सरळ बोलली. मी मुद्दाम खोड काढली होती. म्हटलं, "तुझी गाडी काही धुतल्या तांदळासारखी नाही हां. वीज कुठून येते? कोळसा जाळूनच ना?"

"हो, आपल्याकडे बरीचशी कोळशाचीच," ती म्हणाली. "आणि बॅटरीचं तर विचारूच नका. तिच्यासाठी जमीन खणायची, माती धुवायची, भट्ट्या पेटवायच्या. मी एक खाण बघून आलेय, बाबा. तिथल्या विहिरींचं पाणी गढूळ झालंय. ही गाडी कारखान्यातून निघते तेव्हाच डोक्यावर बोजा घेऊन निघते. पेट्रोलची हलकी निघते, पण रोज थोडा थोडा बोजा वाढवते. काही वर्षांनी तिचा बोजा विजेच्या गाडीपेक्षा जड होतो. किती वर्षांनी, यावर सगळं भांडण."

"मग मिटलं की."

"तो झाला सगळ्या पृथ्वीचा हिशोब. आम्हाला दुसराही करायचाय, या रस्त्याचा. इथल्या माणसाच्या नाकात काय जातं ते. नगरपालिका विचारतेय, टॅक्सी आणि शाळेच्या गाड्या विजेवर न्यायच्या की नाही. कारण इथला धूर कमी झाला तरी वीजघराच्या चिमणीखालच्या गावात थोडा वाढणार. तिथेही माणसंच राहतात. त्यामुळे इथला खरोखर किती कमी होणार, ते कळलं पाहिजे." मग तिने घास ठेवला आणि म्हणाली, "त्यासाठी मला तुमची रजिस्टरं हवीत. एकाच जागचे, एकाच यंत्राचे, तीस वर्षांचे आकडे कुणाकडेच नाहीत. आणि आईच्या अक्षरातले."

मी म्हटलं, "वाळवी लागली असेल."

"कपाटावर आहेत. मी काल बघितली. छान आहेत."

पुढचे तीन दिवस ती मागच्या खोलीत, आईच्या पलंगावर मांडी घालून, एकेक रजिस्टर संगणकात उतरवत होती. मी दारावरून जायचो, यायचो. आत डोकावायचो नाही. चौथ्या दिवशी तिनेच हाक मारली. कपाळाला आठ्या.

"बाबा, मजाच आहे. तुमच्या आकड्यांवरून इथल्या गाड्या चांगल्याच स्वच्छ होत्या. मी लहान असताना चौकात डोळे चुरचुरायचे ते मला आठवतंय, पण आकडे तर तसं म्हणत नाहीत. असंच असेल तर गाड्या बदलून इथे फारसा फरक पडत नाही, आणि चिमणीखालच्या गावाला मात्र भोगावं लागतं. मला लिहावं लागेल, बदलू नका म्हणून."

"मग लिही," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं, आणि माझंच मला ऐकू आलं.

"सोमवारी द्यायचाय अहवाल." तिने पान माझ्याकडे वळवलं. "आणि हे काय आहे? काही आकड्यांच्या शेजारी पेन्सिलीचं टिंब आहे. सगळ्यांना नाही. मी आधी डाग समजले."

मी बघितलं. बारीक, टाचणीच्या डोक्याएवढं. इतकी वर्षं ती रजिस्टरं मी हाताळली, इन्स्पेक्टरने हाताळली, कुणाच्या नजरेत आलं नाही.

"पेन टेकलं असेल तिचं," मी म्हणालो.

"पेन निळं आहे बाबा. हे पेन्सिलीचं आहे."

"मग मला काय माहीत? तिलाच विचारायला हवं होतं." असं म्हणून मी बाहेर आलो. वसकन बोललो मी तिच्यावर, आणि तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ती कुठलीशी मापं घ्यायला गावात गेली. मी चष्मा पुसला आणि पहिलं रजिस्टर काढलं. मिशीची ती टॅक्सी मला तारखेनिशी पाठ आहे, त्याच्या पोराच्या बारशाचा आदला दिवस. सापडली. दोन पॉइंट नऊ, सुंदर अक्षरात, आणि शेजारी टिंब. त्याच्या आधी एकाही नोंदीला नाही. पावाच्या भट्टीची गाडी, ती खरंच चांगली होती, तिला टिंब नाही. नगरपालिकेची जीप, नवी कोरी, तिला नाही. शाळेच्या गाडीला आहे. मेव्हण्याला आहे. डॉक्टरांच्या गाडीला आहे. मी पान उलटत गेलो. एक चूक नाही, हो. मी जिथे जिथे नळी मागे ओढली, तिथे तिथे टिंब. मलाही आठवत नव्हत्या त्या गाड्यांनासुद्धा. टेबलाजवळच्या खिडकीतून तिला काच दिसायची, पहिला आकडा यायचा तोही दिसायचा आणि नंतरचाही. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. आकडा मी पुकारणार आणि ती लिहिणार, एवढंच मला माहीत.

सुरुवातीच्या वर्षांत पानावर एखादं टिंब. मग दोन, चार. मग अशी पानं की टिंब नसलेली ओळ शोधावी लागते. खोकला लागल्यानंतरच्या रजिस्टरात टिंबं इतकी दाबून काढलेली की मागच्या पानावर बोट फिरवलं तर लागतात. मी फिरवलं. खोलीत बसून मी एकेका टिंबावरून बोट फिरवत होतो आणि ती माझ्या शेजारी, पलंगावर, श्वास ओढत बसल्यासारखी वाटत होती.

'लिहू ना?'

सवय नव्हती ती. ती मला दर वेळी विचारत होती. दिवसाला तीस-चाळीस वेळा, चोवीस वर्षं. एकदा जरी मी म्हणालो असतो, थांब, नको लिहूस, तर तिने पेन उचललं असतं. मी काय म्हणायचो? विचारतेस काय दर वेळी.

ती भांडली का नाही माझ्याशी? हे मला अजून कळत नाही. बाकी भाजीत मीठ जास्त झालं असं मी म्हटलं तर घर डोक्यावर घ्यायची. यावर मात्र चकार शब्द नाही. त्याच धुरात बसली, आणि टिंब देत राहिली. मला राग आला तिचा. बऱ्याच दिवसांनी मी रडलो, तेही रागानेच.

लेक संध्याकाळी आली तेव्हा मी रजिस्टरं टेबलावर मांडून बसलो होतो. तिने पाणी पिऊन घेतलं आणि मी सांगायला लागलो. नळी हातात घेऊन दाखवलं, दीड वीत म्हणजे किती, अर्धी म्हणजे किती. तिच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर नव्हता, म्हणून मी नळीकडेच बघत बोललो.

ती म्हणाली, "आईला माहीत होतं?"

मी पहिलं रजिस्टर उघडून टिंबावर बोट ठेवलं.

ती उठून मागच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं नाही, पण मला आत जाववेना. तासाभराने आली, डोळे सुजलेले, आणि आवाज एकदम कोरडा, ऑफिसातला. "टिंबवाल्या सगळ्या ओळी काढून टाकते. आई गेल्यानंतरची सहा वर्षंही काढते, तिथे टिंबं द्यायला कुणी नव्हतं. बाकी राहतात ते थोडे आहेत. मी मुदत मागून घेते. त्या काळातल्या जुन्या गाड्या अजून चालतात गावात?"

"चाळीसेक असतील."

"त्या पुन्हा तपासायच्या. पूर्ण नळी घालून. त्यावरून अंदाज बांधता येईल." मग थांबून म्हणाली, "कदाचित तरीही उत्तर तेच येईल, बाबा. चिमणीखालच्या गावाचं पारडं जड होईल. मला माहीत नाही."

"येऊ दे," मी म्हणालो. "जे येईल ते."

ती मला बरं काही बोलली नाही, हेही सांगतो. माफ केलं वगैरे काही नाही. जेवण वाढलं, स्वतः जेवली नाही.

सकाळी मी मिशीकडे गेलो. त्याने ती टॅक्सी अजून ठेवलीय, आता धंद्याला काढत नाही, पण जीव आहे तिच्यावर. काय करायचंय ते सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, तो त्या ओढत राहिला.

"म्हणजे इतक्या वर्षांनी माझी गाडी नापास करणार तू."

"हो."

"वहिनींना ठाऊक होतं ते मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "एकदा मला म्हणाल्या होत्या, भाऊजी, गाडी तेवढी दुरुस्त करून घ्या. बस्स, तेवढंच. मी म्हटलं, घेतो. घेतली नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून तर तुझ्याकडे रांग असायची."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. मी नुसती मान हलवली. मिशीने किल्ली घेतली.

गाडी त्याने मागच्या खोलीच्या खिडकीशी पाठ करून लावली. लेकीने यंत्र टेबलावर सरकवलं, नळी खिडकीतून बाहेर सोडली, आणि आईच्या पलंगाच्या कडेला नवी वही घेऊन बसली. मी बाहेर आलो. आधी स्वच्छ हवा द्यायची. आतून ती म्हणाली, "पॉइंट तीन दाखवतंय."

"वजा करायचं ते. सगळ्यांतून वजा करायचं."

मिशीने इंजिन चालू केलं. तोच आवाज, तोच निळसर धूर, तो खिडकीतून आत गेला आणि लेक खोकली. मी म्हटलं, "तोंडाला रुमाल बांध," तिने बांधला. असं मी तिच्या आईला एकदाही म्हटलं नव्हतं. मग वाकलो आणि नळी आत घातली. अर्धी वीत. हात सवयीने तिथेच थांबला. मिशी आरशातून बघत होता, त्याचं तोंड तसंच एवढंसं झालेलं, तरुणपणी त्या दिवशी झालं होतं तसं. मी अजून वीतभर आत ढकलली आणि धरून ठेवली.

अर्धं मिनिट फार मोठं असतं. काच खिडकीतून दिसत होती. पाच. साडेपाच. सहा पॉइंट चार. सात पॉइंट एक, आणि तिथे थांबलं. मी पॉइंट तीन वजा केलं, आणि मला नळी हातातून सोडून द्यावीशी वाटली.

"सहा पॉइंट आठ," मी पुकारलं.

आत लेकीने पेन्सिल कागदावर टेकवली. रुमालाच्या आडून, मान वर न करता, तिने विचारलं, "लिहू ना?"

तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"लिही," मी म्हणालो.